अमर्यादित प्लॅन, मासिक मोजणी आणि गर्दीचा प्रश्न

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘अमर्यादित’ ब्रॉडबँड प्लॅन घेऊन महिन्याला प्रचंड डेटा वापरणाऱ्यांचा वेग कंपन्यांनी खुशाल कमी करावा, मूठभर लोकांच्या वापराचा भार बाकीच्यांनी का सोसायचा, असे मत आपल्या पत्रस्तंभात मांडले गेले आहे. हे मत मांडणाऱ्यांना सर्वांना सारखा न्याय मिळावा असेच वाटते, याबद्दल मला शंका नाही. परंतु महिन्याचा एकूण वापर आणि जाळ्यावरची गर्दी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकच मानल्यामुळे, ज्याच्यामुळे कुणाचेही काही अडत नाही अशा ग्राहकालाच अनेकदा शिक्षा होते, हे दाखवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

घरात येणारी फायबरची जोडणी आपल्या एकट्याची नसते. जीपॉन या सर्वत्र रुळलेल्या पद्धतीत एका तंतूची घरांकडे येणाऱ्या दिशेची क्षमता सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट असते आणि ती बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. ६४ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटांचा (१००० मेगाबिट म्हणजे १ गिगाबिट), प्लॅन विकला, तर विकलेल्या वेगाची बेरीज प्रत्यक्ष क्षमतेच्या अडीचपटीच्या वर जाते. एवढ्यावरून यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत या अनुभवावरच हा व्यवसाय उभा आहे आणि म्हणूनच जोडणी सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते. कंपनीला क्षमता वाढवावी लागते ती दिवसातल्या सर्वाधिक गर्दीच्या दोन-तीन तासांसाठी. ती स्वतः पुढच्या जाळ्याकडून घाऊक क्षमता विकत घेते, तेव्हाही बहुधा महिनाभर दर ५ मिनिटांचा वेग नोंदवला जातो, त्यांतल्या सर्वांत वरच्या ५ टक्के नोंदी वगळल्या जातात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बिल होते. म्हणजे घाऊक बाजारात पैसे मोजले जातात ते गर्दीच्या वेळी लागणाऱ्या वेगाचे, महिन्याच्या एकूण जीबींचे नव्हेत. ग्राहकाकडे वळताच मात्र तीच कंपनी जीबी मोजू लागते.

हा फरक किती मोठा आहे, ते साध्या गणिताने दिसते. महिन्याला १००० जीबी वापरणारा ग्राहक ऐकताना राक्षसी वाटतो, पण ३० दिवसांवर पसरून पाहिले तर त्याचा सरासरी वेग जेमतेम ३ एमबीपीएस भरतो, म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीचा फक्त ३ टक्के. आता दोन घरे डोळ्यांपुढे आणा. पहिल्या घरात रोज रात्री ८ ते ११ या वेळेत मोठ्या पडद्यावर १५ एमबीपीएस लागणारे अतिस्पष्ट चित्र पाहिले जाते; महिन्याचा वापर होतो सुमारे ६०० जीबी. दुसऱ्या घरातला संगणक रोज पहाटे २ ते ५ या वेळेत कामाच्या फायलींची देवाणघेवाण करतो आणि महिन्याला १००० जीबी ओलांडतो. गर्दीच्या वेळी पहिल्या घराचा भार १५ एमबीपीएस आहे, दुसऱ्याचा शून्य. मर्यादा ८०० जीबीची असेल, तर वेग कमी होतो तो दुसऱ्या घराचा. यात चोर कुणीच नाही, दोघांनीही विकत घेतलेलीच वस्तू वापरली आहे. परंतु चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात, ते याहून वेगळे नसते.

या विषयाशी माझा संबंध घरातूनच आला, म्हणून तेवढे सांगते. माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे आणि ती कर्णबधिर मुलांना व्हिडिओ कॉलवर शिकवते. आपण ज्याला व्हिडिओ म्हणतो, ते तिच्यासाठी बोलणे आहे. आपल्याला आवाज पुरतो आणि आवाजाला डेटा फारच थोडा लागतो, पण सांकेतिक भाषेत बोटे, ओठ आणि चेहरा सलग दिसल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही. दिवसभराचे तास, धड्यांची चित्रफीत तयार करून मुलांना पाठवणे, मुलांनी पाठवलेल्या चित्रफिती पाहणे, या सगळ्यामुळे कंपनीच्या लेखी ती ‘अतिवापर’ करणारी ठरली. एका महिन्यात २१ तारखेपासून तिचा वेग ५१२ केबीपीएसवर, म्हणजे जेमतेम अर्ध्या एमबीपीएसवर, आणला गेला. एका चित्रफितीची १ जीबीची फाइल, जी १०० एमबीपीएसवर ८० सेकंदांत उतरते, तिला त्या वेगाने ४ तास २० मिनिटे लागतात. कॉलवर हात गोठत, बोटांचा धूसर पट्टा होई आणि मुले गोंधळून पडद्याकडे पाहत राहत. आम्ही चौकशी केली, तेव्हा ‘न्याय्य वापर धोरणा’कडे बोट दाखवण्यात आले आणि वरच्या दराचा प्लॅन सुचवला गेला. तो घेतल्याबरोबर, त्याच तारेवर, त्याच घटकेला वेग पूर्ववत झाला. आदल्या क्षणापर्यंत जाळ्यावर तिच्यासाठी जागा नव्हती आणि पैसे भरताच ती झाली, हे कसे, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

मी गर्दी नाकारत नाही. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यामधल्या, अवघ्या ४०० यार्ड अंतराच्या दुव्याचा वेग ३२ केबीपीएसवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळला होता. त्यातूनच संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेली पद्धत पुढे आली: मार्ग भरल्याची चिन्हे दिसताच पाठवणाऱ्या संगणकाने आपला वेग आपणहून उतरवायचा आणि वाट मोकळी झाली की हळूहळू वाढवायचा. आजही इंटरनेटवरची बहुतेक देवाणघेवाण याच तत्त्वावर चालते. ही पद्धत निर्दोष नाही. ती वाटणी संगणकाने देवाणघेवाणीसाठी उघडलेल्या प्रत्येक जोडणीमागे करते, माणसांमागे करत नाही, त्यामुळे एकाच वेळी अशा पुष्कळ जोडण्या उघडणारा आपल्या वाट्याहून जास्त क्षमता खेचू शकतो. तेव्हा गर्दीच्या वेळी कंपनीने हस्तक्षेप करणे मला मुळीच गैर वाटत नाही. हस्तक्षेप कोणत्या मोजमापावर करायचा, एवढाच वाद आहे.

याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या कॉमकास्टचे आहे. २००७ मध्ये ही इंटरनेट कंपनी बिटटॉरेंट या फायलींच्या परस्पर देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या जोडण्या मध्येच बनावट संदेश घालून तोडत असल्याचे उघडकीस आले आणि २००८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने तिच्याविरुद्ध आदेश काढला. तो आदेश २०१० मध्ये न्यायालयात टिकला नाही, हे खरे. पण तोवर कंपनीने वेगळी पद्धत स्वीकारली होती आणि तिचा सगळा तपशीलही प्रसिद्ध केला होता. त्या पद्धतीत आधी पाहिले जाई ते जाळ्याकडे: घरांकडे येणाऱ्या दिशेने एखाद्या भागाची क्षमता १५ मिनिटे ८० टक्क्यांच्या वर, किंवा उलट दिशेने ७० टक्क्यांच्या वर वापरली गेली, तरच पुढचा विचार. मग त्या भागात, त्या १५ मिनिटांत, आपल्या प्लॅनच्या वेगापैकी ७० टक्क्यांहून अधिक वेग वापरणाऱ्याची वाहतूक रांगेत मागे लावली जाई. त्याचा वापर ५० टक्क्यांखाली आला की तो पुन्हा इतरांच्या बरोबरीला. कोण काय पाहतो, कोणते सॉफ्टवेअर वापरतो, महिन्याभरात किती जीबी झाले, यांतले काहीही त्यात विचारात घेतले जात नव्हते. ‘भारी वापर’ या शब्दांना तांत्रिक अर्थ द्यायचा असेल, तर तो असा देता येतो. त्याच कंपनीने ऑक्टोबर २००८ पासून २५० जीबीची मासिक मर्यादाही लावली होती. ती मला पटत नाही, पण निदान आकडा छापून सांगितलेला होता. आणि कंपनीला गर्दीसाठी एक व मासिक वापरासाठी दुसरे अशी दोन वेगळी साधने लागली, यातच या दोन गोष्टी एक नाहीत याची कबुली आहे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण मोबाइल इंटरनेटचे आहे, पण मुद्दा तोच. एटी अँड टी या कंपनीने अमर्यादित डेटा प्लॅन विकून २०११ पासून ठरावीक वापरानंतर त्या ग्राहकांचा वेग उतरवायला सुरुवात केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये दावा लावला, त्यात काही ग्राहकांचा वेग महिन्याला अवघ्या २ जीबीनंतर उतरवला गेल्याचे आणि अशा ग्राहकांची संख्या ३५ लाखांहून अधिक असल्याचे म्हटले होते. २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर भरण्याचे मान्य करून कंपनीने तडजोड केली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात प्रचंड वणवा पेटला असताना तर सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या समन्वय वाहनाच्या इंटरनेटचाच वेग व्हेरायझन या मोबाइल कंपनीने उतरवला होता. दलाच्या प्रमुखांनी न्यायालयाला दिलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार तो पूर्वीच्या दोनशेव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी झाला होता. प्लॅन अमर्यादितच होता आणि जवानांना महागडा प्लॅन घ्यायला सांगण्यात आले. कंपनीने नंतर चूक मान्य केली. मासिक मोजणीला समोर कोण आहे आणि जाळे रिकामे आहे की भरलेले, यांतले काहीच दिसत नाही; म्हणून माझ्या बहिणीच्या वर्गाला आणि वणवा विझवणाऱ्यांना ती एकाच मापाने मोजते.

कमी वापरणाऱ्याने जास्त वापरणाऱ्याचा भार का उचलावा, हा प्रश्न राहतो आणि तो रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून वेगवेगळ्या मापांचे प्लॅन विकावेत. ५०० जीबीचा प्लॅन ‘५०० जीबी’ या नावाने विकला, तर कुणाचीच तक्रार असू नये. ज्याला कमी लागते त्याने कमी पैसे द्यावेत. पण ठळक अक्षरांत अमर्याद आणि बारीक अक्षरांत मर्यादित अशी वस्तू विकणे म्हणजे कमी वापरणाऱ्याचेही संरक्षण नव्हे, कारण त्यालाही न लागणाऱ्या ‘अमर्यादित’ वचनाचेच पैसे द्यावे लागतात. घरगुती जोडणी घेऊन तीच पुढे दहा जणांना विकणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तो करारभंग आहे आणि त्याच्यावर करारानुसार कारवाई व्हावी. त्यासाठी सर्वांच्या वापरावर मीटर कशाला?

म्हणून नियामकांकडे माझे मागणे असे आहे की, ज्या प्लॅनमध्ये ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो, त्याच्या नावात वा जाहिरातीत ‘अमर्यादित’ किंवा ‘अनलिमिटेड’ हा शब्द वापरण्यास बंदी करावी, आणि जीबीची मर्यादा व त्यानंतरचा वेग हे दोन्ही आकडे प्लॅनच्या किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. खऱ्याखुऱ्या अमर्यादित प्लॅनमध्ये वेग कमी करायचा असेल, तर तो त्या भागातले जाळे प्रत्यक्ष भरलेले असतानाच आणि तेवढ्याच वेळापुरता करावा. त्याची नोंद, म्हणजे तारीख, वेळ आणि त्या क्षणी जाळ्यावर असलेला भार, ग्राहकाला त्याच्या खात्यात पाहता यावी. अशी नोंद ठेवणे कंपन्यांना अवघड नाही. हे आकडे त्या स्वतःच्या जाळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी आजही गोळा करतात. अशी नोंद मिळत असती, तर माझ्या बहिणीचा वेग २१ तारखेला उतरवला गेला, तेव्हा तिच्या भागातले जाळे किती भरलेले होते, हे तिला त्याच दिवशी पाहता आले असते.

आपली नम्र,
एक वाचक