तक्रार: १०.०० आर २० टायरमध्ये हवा किती भरायची, आणि नाकारलेला क्लेम

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या टोल-फ्री नंबरवर २६ मिनिटं गेली, म्हणून हे पत्र. टायर तुम्हीच बनवता, तेव्हा टायर म्हणजे काय ते समजावत बसत नाही.

गाडी सहा चाकी ट्रक, लासलगाव ते वाशी कांदा. आधी ९.००-२० साइजचे नायलॉन टायर होते. "एक साइज वर जा, रेडियल घ्या" म्हणत तुमच्या डीलरने सहाही टायर १०.०० आर २० बसवले, वजन-वेगाचा कोड १४६/१४३ के. केबिनमधल्या स्टिकरवरची हवा जुन्या साइजची, म्हणून त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. उत्तर आलं, "साइडवॉलवर लिहिलीय तेवढी भरा." म्हणजे टायरच्या बाजूवर. लिहिलीय १२० पीएसआय. भरली १२०. ३१,००० किलोमीटरला मागचे चारही टायर मधोमध गोटा व्हायला आले. नक्षी मध्ये ४ मिलिमीटर, कडेला ९. तुमचा इन्स्पेक्टर आला, उभ्याउभ्या बघितलं आणि लिहून गेला: हवा जास्त, क्लेम अमान्य.

भरायला तुम्ही सांगितली. जास्त झाली ती माझी.

आजचं संभाषण जसंच्या तसं देतो. मी म्हणालो, वजनकाट्याची पावती हातात आहे. एकूण १३,२४० किलो, पुढे ४,५८०, मागे ८,६६०. मागच्या जोडीत एका टायरवर २,१६५ किलो येतात. साइडवॉलवरचे १२० हे जोडीतल्या टायरवर २,७२५ किलो असतील तेव्हाचे. मग माझ्या वजनाला हवा किती?
"सर, साइडवॉलवर लिहिलेलं असतं."
ते पूर्ण लोडचं. माझं सांगा. तुमच्याकडे वजनाप्रमाणे हवेचा तक्ता असणारच.
"सर, एक मिनिट होल्डवर राहाल?"
सात मिनिटं राहिलो. तीच जाहिरातीची धून, "भरवसा प्रत्येक वळणावर." कसारा घाटात ती वळणं मी रोज मोजतो.
मग पोरगा परत आला. "सर, गाडी चालून आली की हवा चेक करा, जास्त दिसली तर काढून टाका." अहो, गरम टायरमध्ये हवा दहा-पंधरा पीएसआय चढतेच. ती काढली की सकाळी थंड टायर कमी हवेवर, आणि घाटात भरलेल्या गाडीखाली तो तापून फुटला तर कोण येणार? हे मी त्याला समजावलं. मी, त्याला! त्यावर साहेबांनी शेवटचा बाण सोडला: "सर, हवा तर पंक्चरवालाच भरतो ना? त्यालाच विचारा ना."

विचारलं. आमचा पंक्चरवाला रॉडने ठोकून आवाजावरून हवा सांगतो. पण आतल्या टायरचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून वाकडा एक्स्टेन्शन त्याने स्वतःच्या पदरचा लावून दिला, कारण जोडीत एक कमी आणि एक जास्त राहिला तर सगळं वजन एकावर येतं हे त्याला माहीत आहे. त्याचे १०० रुपये झाले. तुमच्या सहा टायरचे किती झाले ते बिलावर आहे.

वडिलांनी पहिल्या गाडीला तुमचेच टायर घातले होते. म्हणून जास्त लागलं, बाकी काही नाही.

मला दोन गोष्टी हव्यात. वजनाप्रमाणे या टायरमध्ये, टायर थंड असताना, हवा किती भरायची त्याचा तक्ता, पुढचा वेगळा आणि मागच्या जोडीचा वेगळा, लेखी. आणि चार टायरचा क्लेम. भरायला १२० तुम्हीच सांगितली होती, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते कुणी लिहून घेतलं नाही. १५ दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात. "व्यापारी वापर, म्हणून हा ग्राहकच नाही" असं म्हणून सुटायचं मनात असेल तर सांगतो, गाडी एकच आहे आणि ती मीच चालवतो, पोटासाठी.

झिजलेले टायर जपून ठेवलेत. इन्स्पेक्टरला पुन्हा पाठवा, या वेळी गेज घेऊन.

आपला ग्राहक (सध्या तरी)
निफाड, जि. नाशिक
सोबत: वजनकाट्याची पावती, बिल, नाकारलेल्या क्लेमची प्रत