सुपरहिरोचा वर्ण आपोआप ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा सुपरहिरोपट आला की एक तक्रार हमखास ऐकू येते: कॉमिक्समध्ये हल्ली वर्णाचे राजकारण शिरले, पूर्वी नुसत्या गोष्टी असत. मी ही कॉमिक्स लहानपणापासून वाचत आलो आहे आणि हे म्हणणे मला अजिबात पटत नाही. अमेरिकन कॉमिक्समध्ये नायकाचा वर्ण नेहमीच कोणीतरी ठरवत आले आहे, आणि पुष्कळदा अडवतही आले आहे.

ईसी कॉमिक्सने १९५३ मध्ये ‘जजमेंट डे’ ही छोटी विज्ञानकथा छापली. पृथ्वीवरचा एक अंतराळवीर यंत्रमानवांच्या ग्रहाची पाहणी करायला जातो. तिथले नारिंगी आणि निळे यंत्रमानव आतून अगदी सारखे, फरक फक्त वरच्या आवरणाचा. तरी निळ्यांच्या वाट्याला सगळे दुय्यमच. हा भेद मिटेपर्यंत तुम्हाला आकाशगंगेच्या संघराज्यात प्रवेश नाही, असे सांगून तो परत निघतो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकत असतात.

१९५६ मध्ये ही कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा कॉमिक्स कोडच्या, म्हणजे कॉमिक्समध्ये काय छापावे याच्या प्रकाशकांनीच घातलेल्या नियमावलीच्या, प्रमुखांनी या अंतराळवीराचा वर्ण बदलायला सांगितले. वास्तविक कोणत्याही वंशाची टिंगल होता कामा नये, असे त्या कोडमध्येच लिहिलेले होते, आणि ही अख्खी कथा वंशभेदाच्या विरोधात होती. प्रकाशक बिल गेन्स बधले नाहीत. मग निदान घामाचे थेंब तरी काढा, असे सुचवण्यात आले. गेन्स यांनी तेही धुडकावले आणि कथा जशीच्या तशी छापली. ‘पूर्वी नुसत्या गोष्टी असत’ म्हणणाऱ्यांनी ही चौकट एकदा डोळ्यांखालून घालावी.

पुढे १९६६ मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ब्लॅक पँथर हा कृष्णवर्णीय नायक आणला, १९६९ मध्ये तसाच फाल्कन आला, १९७२ मध्ये ल्यूक केज या कृष्णवर्णीय नायकाला स्वतःची मालिका मिळाली. ही पावले मोलाचीच, पण लिहिणारे बहुतेक गोरेच राहिले. ब्लॅक पँथरची मालिका ख्रिस्टोफर प्रीस्ट या कृष्णवर्णीय लेखकाच्या हाती आली, तोवर १९९८ साल उजाडले होते. खरी मेख इथे आहे. पानावरचा चेहरा बदलणे सोपे. लेखणी आणि हक्क सोडणे अवघड.

म्हणूनच लेखक ड्वेन मॅकडफी, चित्रकार डेनिस कोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सगळ्या कृष्णवर्णीयांनी मिळून, १९९३ मध्ये मायलस्टोन कॉमिक्स सुरू केले, याचे मोल मला कोणत्याही गल्लाभरू सिनेमाहून जास्त वाटते. वितरण डीसी या बड्या कॉमिक्स कंपनीकडे, पात्रांची मालकी मात्र स्वतःकडे. त्यांच्या ‘हार्डवेअर’चा नायक संशोधक आहे. त्याच्या शोधांवर कंपनी गबर होते, आणि नफ्यात वाटा मागितला की मालक त्याला त्याची पायरी दाखवून देतो. कोणत्याही गोऱ्या नायकाला नुसता वेगळा रंग देऊन ही गोष्ट हाती लागली नसती.

गोऱ्या लेखकाने असे पात्र लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. माइल्स मोरालेस हा कृष्णवर्णीय वडिलांचा आणि प्वेर्तो रिकन आईचा स्पायडरमॅन २०११ मध्ये ब्रायन बेंडिस आणि इटालियन चित्रकार सारा पिकेली यांनीच उभा केला, आणि फार जीव लावून केला. पण कमला खानकडे पाहा. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली ही मुलगी संपादक सना अमानत यांच्या स्वतःच्या लहानपणाच्या आठवणींतून सुचली. २०१४ च्या मालिकेत कमलाला शक्ती मिळते आणि क्षणात तिचे रूप पालटते: ती सोनेरी केसांची, गोरी सुपरहिरो कॅरल डॅनव्हर्स होते. ‘हिरो’ म्हणताच तिच्या मनात तेवढे एकच रूप असते. त्या परक्या अंगात तिला अवघडल्यासारखे होते आणि हळूहळू ती स्वतःच्याच चेहऱ्याने लढायला शिकते. वर्षानुवर्षे एकाच रंगाचे नायक पाहून मुलांच्या मनावर काय कोरले जाते, हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा प्रसंग सुपरहिरो कॉमिक्समध्ये मी दुसरा वाचलेला नाही.

एक विनंती. सुपरहिरोपटांची परीक्षणे छापताना आपण नटनट्यांची नावे आवर्जून देता; तशीच मूळ कॉमिक्सच्या लेखक-चित्रकारांची नावेही द्यावीत. प्रीस्ट आणि मॅकडफी ही नावे वाचकांना कळली, तर त्यांतले काही जण त्यांचे अंक नक्की शोधून वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक