सरासरी छापा, पण तिच्यामागची दहा शेतंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2025 च्या खरिपात राज्यातली एक रुपयातली पीक विमा योजना बंद झाली आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर आली. त्यावर बरंच छापून आलं. कंपन्यांचं कसं साधतं, शेतकऱ्याचं कसं बुडतं, सगळं. पण ज्या एका आकड्यावर हा सगळा डोलारा उभा आहे तो आकडा तयार कसा होतो, हे मात्र फारसं वाचायला मिळालं नाही. मी कृषी खात्यात सहायक म्हणून लागले आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. (आता या पदांना सहायक कृषी अधिकारी आणि उप कृषी अधिकारी म्हणतात. नाव वाढलं, गावं तेवढीच.) मी आकडे गोळा केले, तपासले, वरच्या बैठकीत मांडले, आणि एकदा माझ्या डोळ्यांसमोर चुकलेलेही पाहिले. म्हणून हे पत्र.

पीक कापणी प्रयोग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. महसूल मंडळात (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) पीकवार किमान दहा शेतं यादृच्छिक, म्हणजे सोडतीसारख्या, आकड्यांवरून निवडायची. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्यात ती वाटली जातात. सोयाबीनसाठी शेतात 10 मीटर बाय 5 मीटरचा तुकडा आखायचा. तो कुठे आखायचा हेही आकडाच सांगतो, आपण नाही. हे शेतकऱ्याला पटवणं सगळ्यात अवघड. शेतकरी म्हणतो, "मॅडम, त्या चिबडाकडं घ्या की, तिथं कायच न्हाई." उत्पादन कमी भरलं तरच भरपाई मिळते, म्हणून विमा कंपनीचा पोरगा नेमका बांधाकडच्या दाट झाडांपाशी जाऊन उभा असतो. आपण मधे टेप धरून.

चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली की झालं, असं नवीन माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या वर्षी एका जुन्या पर्यवेक्षकांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "कर्ण माप." दोन्ही कर्ण 11.18 मीटर भरले तरच तो आयत. नाहीतर बाजू दहा आणि पाचच्या राहतात, पण चौकोन कलतो आणि क्षेत्र घटतं. त्याच दिवशी त्यांनी दुसरी गोष्ट शिकवली. ताडपत्रीवर मळणी झाली, सोयाबीन पोत्यात भरलं, ताणकाट्याला लावलं. मी वजन लिहायला लागले तर म्हणाले, "बारदान कुणाच्या नावावर?" मला कळेना. तेव्हा त्यांनी हिशेब मांडला. तुकडा 50 चौरस मीटरचा, हेक्टर 10,000 चौरस मीटरचा, म्हणजे इथल्या वजनाला 200 नं गुणायचं. अर्धा किलोचं पोतं वजा करायचं विसरलीस की हेक्टरी एक क्विंटल सोयाबीन तू हवेतून पिकवलंस.

ओलाव्याचंही तसंच. 18 टक्के ओलाव्याचं 6 किलो सोयाबीन 12 टक्क्यांवर वाळवलं की साधारण 5.6 किलो उरतं. हेक्टरी 80 किलोंचा फरक. म्हणून वाळवून पुन्हा वजन घ्यायचं असतं. घेतात का? मी घेत होते. सगळे घेत होते असं मी म्हणणार नाही. एकेका सहायकाकडे किती गावं असतात आणि सोयाबीन सगळीकडे एकाच आठवड्यात काढणीला येतं, हे ज्यांना माहीत आहे ते मला जास्त विचारणार नाहीत.

आता त्या चुकीकडे येते. तालुका, वर्ष सांगत नाही, कारण त्या कार्यालयातली माणसं वाईट नव्हती.

एका मंडळातले दहा प्रयोग पूर्ण झाले होते. सहा शेतं काळ्या भारी रानातली, चार माळाची मुरमाड. वाळवलेली वजनं माझ्या वहीत अशी होती: काळ्या रानात 6.1, 5.9, 6.4, 5.8, 6.2, 5.6 किलो. माळावर 3.8, 2.9, 2.6, 2.2. बेरीज 47.5, सरासरी 4.75 किलो, म्हणजे हेक्टरी 9.5 क्विंटल.

प्रयोगांच्या नोंदी मोबाइल ॲपवर होत्या, तरी तालुक्याच्या आढावा बैठकीसाठी गोषवारा एक्सेलवरच व्हायचा. नमुन्यांचे कागद समोर ठेवून आमचा ऑपरेटर रात्री नऊपर्यंत बसला होता. त्याच्या हातून 3.8 चे 8.3 झाले. एवढंच. आकड्यांची अदलाबदल. बेरीज 52, सरासरी 5.2, हेक्टरी 10.4 क्विंटल.

दुसऱ्या दिवशी बैठकीत पडद्यावर दोन खांब आले. मागच्या वर्षीचा 9.8 चा, यंदाचा 10.4 चा. खांब हिरवे, खाली खात्याचं बोधचिन्ह. वाढ सहा टक्के, पण आलेखाची उभी पट्टी शून्यापासून सुरू न होता 9.5 पासून सुरू होत होती. त्यामुळे यंदाचा खांब मागच्याच्या बरोबर तिप्पट उंच दिसत होता. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. संगणक आपोआप तशी पट्टी धरतो आणि आपण ती तशीच ठेवतो. साहेब खूश झाले. "चांगलं आहे, हे जिल्ह्याला पाठवा." मीही मान डोलावली. आकडा माझ्याच मंडळाचा होता आणि मला तो खटकला नाही, हे इथे कबूल करते.

चार दिवसांनी एका दैनिकाच्या तालुका पानावर बातमी आली, सोयाबीनची उत्पादकता वाढल्याची. (आपलं दैनिक नव्हे.) आठवडी बाजारात एक म्हातारी मला धरून म्हणाली, "बाई, पेपरात आमचं सोयाबीन वाढलंय म्हनं. मंग घरी का न्हाई आलं?" बाजूची माणसं हसली. मी हसले नाही, कारण तिचं माळावरचं शेत आमच्या दहांतलं एक होतं. तिच्या शेतात तुकडा आखताना नाल्याचं पाणी खालच्या अंगाला महिनाभर साचून होतं, एवढं मला आठवत होतं. घरी येऊन वही काढली. तिच्या नावापुढे 3.8 होतं. कार्यालयातल्या तक्त्यात 8.3.

पुढची बेरीज-वजाबाकी करताना मला घाम फुटला. खरा आकडा 9.5, म्हणजे उत्पादकता वाढली नव्हती, मागच्या वर्षीपेक्षा घटली होती. हिरवा खांब उलट्या दिशेला हवा होता. शिवाय समजा, त्या मंडळाचं उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ती पातळी, 10 क्विंटल आहे. (सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि तिच्या 70 टक्के, असा तो काढतात.) 9.5 ला पाच टक्के तूट पडते आणि 50,000 च्या विमा संरक्षणावर हेक्टरी 2,500 रुपये निघतात. 10.4 ला शून्य, तेही म्हातारीलाच नव्हे, मंडळातल्या एकूण एक सोयाबीनवाल्याला. दोन अंकांची जागा बदलल्यावर.

साहेबांकडे गेले. आधी चिडले, मग वही पाहिली, मग स्वतः तक्ता दुरुस्त करून घेतला. अंतिम अहवाल बरोबर गेला, तेव्हा या चुकीपायी कुणाचे पैसे बुडाले नाहीत. पण पडद्यावरचा हिरवा खांब जिल्ह्याला गेला तो गेलाच, आणि बातमीची दुरुस्ती कधी छापून आली नाही. आम्हीही ती मागितली नाही. तेवढं धाडस नव्हतं.

मला नंतर छळत राहिलं ते वेगळंच. त्या बैठकीत मंडळाचा खांब न दाखवता दहाच्या दहा आकडे नुसते फळ्यावर लिहिले असते तर काय झालं असतं? माळावरच्या शेतात 8.3, आणि काळ्या रानातल्या सगळ्यात चांगल्या शेतात 6.4. त्या खोलीत बसलेला कुठलाही कृषी सहायक, अगदी कुठलाही शेतकऱ्याचा मुलगा, चटकन म्हणाला असता, "साहेब, हे कसं?" सरासरीने ती चूक गिळली. आम्ही तिला रंग देऊन वर पाठवली.

आणि चूक नसती तरी त्या सरासरीत काय होतं? 4.75 किलो कुठल्याच शेतात निघालं नव्हतं. सगळ्यात जवळचं काळं रान 5.6, जवळचा माळ 3.8. मधे कुणीच नाही. ज्या शेतकऱ्याचं नावच अस्तित्वात नाही त्याच्या पिकावर आपण मंडळाचा निकाल लावतो. विम्याला एक आकडा लागतो, मला मान्य आहे. पण नियोजनाच्या बैठकीत, बियाण्याच्या शिफारशीत, वर्तमानपत्राच्या बातमीतही तोच एक आकडा का?

हा वाद आजचा नाही. आमच्या कृषी महाविद्यालयात पानसे-सुखात्मे ही संख्याशास्त्रज्ञांची जोडी त्यांच्या क्रमिक पुस्तकामुळे माहीत असायची. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे आणि विनायक पानसे. 1940 च्या दशकात पिकाचं उत्पादन नमुन्यावरून मोजायचं कसं, यावर त्यांचं दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी चांगलंच वाजलं. महालनोबिस छोटी वर्तुळं कापायचे, दोन-चार फूट त्रिज्येची. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं झाड आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न पडला की माणसाचा हात त्याला आत ओढतो. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जेमतेम साडेबारा चौरस फूट. त्यात दोन झाडं जादा आली तर हिशेब कुठच्या कुठे. मोठ्या तुकड्यात काठ क्षेत्राच्या मानाने कमी, म्हणून लबाडीला जागाही कमी. आम्ही 10 बाय 5 चा तुकडा ओढत होतो त्यामागे हे होतं, आणि हे कळल्यावर कर्ण मापायचा कंटाळा माझा कायमचा गेला.

पण महालनोबिसांचीही एक गोष्ट मला फार पटते. एकाच भागात दोन स्वतंत्र गटांकडून वेगवेगळी मापं घ्यायची आणि दोघांचे निकाल शेजारी ठेवायचे. फरक फार आला तर कुणाचं तरी चुकलंय. आमच्याकडे हे जमण्यासारखं आहे. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद अशी तीन खात्यांची माणसं प्रयोग करतातच. त्यांच्या सरासऱ्या वेगळ्या काढून एका ओळीत दाखवायला खर्च शून्य येतो. मी एकदा सुचवलं होतं. "कशाला वाद वाढवता," असं उत्तर मिळालं.

आणखी एक लहानशी गोष्ट, पण तिच्यावर माझा फार राग आहे. "निरंक" हा शब्द. शेतकऱ्याने आधीच पीक काढून नेलं, म्हणून प्रयोग झाला नाही, तरी निरंक. प्रयोग झाला आणि पीक खरोखर गेलेलं होतं, काही निघालं नाही, तरी निरंक. एक म्हणजे "पाहिलं नाही", दुसरं म्हणजे "पाहिलं, नव्हतं". तक्ता करणारा दोन्हीकडे शून्य टाकतो, नाहीतर दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवतो. एक्सेल रिकाम्या चौकटीला सरासरीत धरत नाही आणि शून्याला धरतं. दहांतल्या एका शेताचं असं झालं तर सरासरी साधारण दहा टक्क्यांनी इकडे नाहीतर तिकडे जाते, आणि कुणाचं लक्षही जात नाही. मी माझ्या सहायकांना निरंक लिहू द्यायचे नाही. "प्रयोग झाला नाही, कारण अमुक" असं पूर्ण वाक्य लिहायला लावायचे. त्यावरून माझी टिंगल व्हायची, मॅडम निबंध मागतात म्हणून.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना माझी विनंती एवढीच आहे. कुठल्याही मंडळाची उत्पादकता छापताना कार्यालयात तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग किती झाले, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वजन किती, आणि वजन ओलं की वाळलेलं. ही माहिती कार्यालयात असते. न विचारल्यामुळे ती बाहेर येत नाही. आणि 10.40 असा दोन दशांशांचा आकडा आला तर त्याच्या अचूकपणाला भुलू नये. दहा पोती ताणकाट्यावर लटकवून काढलेली ती सरासरी असते. त्यातला शेवटचा शून्य फक्त एक्सेलचा.

त्या बातमीचं कात्रण माझ्याकडे आहे आणि ती वहीही आहे. 3.8 वर चिखलाचा डाग आहे, पण आकडा स्पष्ट वाचता येतो. दोन्ही शेजारी ठेवून छापणार असाल तर गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव झाकून फोटो पाठवते.

आपली,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक, मराठवाडा