गोल मोजून सेंटर बॅक ठरवायचा असेल तर मग बोलायलाच नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर एका वाचकाचं पत्र होतं, की मुंबई सिटी एफसी या आपल्या फुटबॉल टीमचा आजवरचा बेस्ट सेंटर बॅक (आपल्या गोलपुढे मधोमध खेळणारा डिफेन्डर) म्हणजे मुर्तदा फॉल, कारण डिफेन्डर असून आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) त्याच्याइतके गोल कुणीच केले नाहीत, सबब विषय संपला. अहो विषय संपला कसा? इथूनच तर सुरू होतो. आमच्याकडे हा वाद एवढा जुना झालाय की माझा मावसभाऊ आणि मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा यावर भांडलोय. तो टिरीचा, म्हणजे नंतर आपल्याकडे खेळलेल्या दुसऱ्या परदेशी सेंटर बॅकचा, भक्त आहे, माझं मत तिसरंच, ते पुढे सांगतो.

आधी फॉलबद्दल, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी त्याच्यावर खार खाऊन आहे. 2020-21 चा सीझन, कोविडमुळे सगळ्या मॅचेस गोव्यात, स्टेडियम रिकामी, आपण सगळे घरात टीव्हीसमोर. 28 फेब्रुवारी 2021 ला बांबोळीला लीगची शेवटची मॅच, समोर एटीके मोहन बागान, शील्ड (लीगमध्ये पहिल्या येणाऱ्याची ट्रॉफी; कप वेगळा, तो नंतरच्या सेमीफायनल-फायनलचा) हवी तर जिंकायलाच पाहिजे. सातव्या मिनिटाला अहमद जाहूने फ्रीकिक टाकला आणि फॉलने हेडर मारून बॉल आत. पुढे ओगबेचेने दुसरा मारला, 2-0. पॉइंट दोघांचे 40-40, पण आपसातल्या मॅचेसवर शील्ड आपली. तो गोल मी विसरणार नाही आणि फॉलचं नाव निघालं की आधी तेच आठवतं हेही कबूल.

पण साहेब, हे झालं समोरच्या बॉक्समधलं. सेंटर बॅकचा पगार आपल्या बॉक्ससाठी असतो ना? आणि तिथे फॉलच्या शेजारी त्या वर्षी बहुतेक वेळा कोण होता, तर एर्नान सांताना, तोही फॉरेनर. तेव्हा मैदानावर पाच फॉरेनर चालायचे म्हणून दोघं परदेशी सेंटर बॅक परवडत होते. 2021-22 पासून नियम बदलला, एकावेळी चारच फॉरेनर, सात भारतीय पाहिजेतच. आता चारातले दोन मागेच खर्च केले तर पुढे कोण खेळणार? म्हणजे एका परदेशी सेंटर बॅकच्या बाजूला एक भारतीय पोरगा उभा करणं आलंच, आणि टीमचं सगळं गणित त्या पोरावर येऊन थांबलं. हे त्या पत्रात कुठेच नाही. तुमच्या पेपरात तरी कधी आलंय का, मला तरी आठवत नाही, राग मानू नका.

तर माझं मत त्याच भारतीय पोराला, मेहताब सिंगला. हसा. मावसभाऊपण हसतो.

2022-23 ला कोच डेस बकिंगहॅमच्या टीमने 46 पॉइंट घेऊन शील्ड मारली, 54 गोल केले, कौतुक झालं ते पुढे खेळणाऱ्या छांगटेचं, बिपिनचं, दियाझचं, आणि व्हायलाच पाहिजे होतं. पण ती टीम एवढी पुढे चढून खेळायची की मागे दोघांच्या वाट्याला अर्धं मैदान मोकळं. शील्ड पक्की झाली ती फातोर्ड्याची मॅच आठवा, गोव्याविरुद्ध 5-3. पाच मारले हे सगळे सांगतात, तीन खाल्ले हे कुणी बोलत नाही, आणि अशा खेळात बॉल आपल्या डोक्यावरून गेला की वळून पळायचं काम कुणाचं? फॉल उंच, ताकदवान, हवेतला बॉल त्याचा, पण वळून पळण्यात तो काही हरीण नव्हता, त्याच्या मागची रिकामी जागा बहुतेक मॅचेसमध्ये मेहताब झाकायचा. कबड्डीत कसं, कॉर्नरने पाय धरला की नाव त्याचं होतं, पण कव्हरवाला वेळेवर आला नसता तर रेडर त्याला घेऊनच लाइनवर गेला असता, तसंच हे.

अंधेरीला स्टँडमध्ये बसून एकदा बॉल सोडून फक्त सेंटर बॅककडे बघा. टीव्हीवर हे दिसतच नाही कारण कॅमेरा बॉलबरोबर जातो. तेव्हा अंधेरीत असं दिसायचं: आपला कॉर्नर असतो, फॉल मोठाली पावलं टाकत पुढे निघून गेलाय, सगळी पब्लिक तिकडे बघतेय, आणि हाफलाइनवर मेहताब समोरच्या स्ट्रायकरच्या पाठीला हात लावून उभा, दुसऱ्या हाताने आपल्या फुलबॅकला आत ये आत ये करतोय, मग दोन पावलं मागे, परत मान वळवून बघतो. बॉल क्लिअर होऊन उंच येतो तेव्हा तो आधीच त्याच्या खाली असतो, म्हणून ना स्लाइड टॅकल, ना टाळ्या. पुढच्या सेकंदाला बॉल परत छांगटेकडे आणि आपण सगळे परत तिकडे ओरडायला मोकळे. याची हायलाइट कोण दाखवणार!

आणि गोलच मोजायचे म्हणता ना, तर 12 मार्च 2023, बंगळुरूत सेमीफायनलची दुसरी लेग घ्या. पहिली लेग इथे अंधेरीत 0-1 हरलेलो. तिकडे दुसऱ्या हाफमध्ये मेहताबच्याच हेडरने 2-1 झालं म्हणून एकूण स्कोअर 2-2 झाला, एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. आठ-आठ झाले. नववी पेनल्टी घ्यायला मेहताब, त्यांचा गोलकीपर गुरप्रीतने अडवली, आणि त्यांच्याकडून नववी मारून मॅच संपवली ती कुणी तर संदेश झिंगनने, तोही सेंटर बॅकच. ज्याने मॅचमध्ये जिवंत ठेवलं त्याच्याच नावावर पराभव. दुसऱ्या दिवशी जो तो ‘मेहताबने घालवली’. हे बरोबर नाही ओ.

आता टिरी, कारण त्याचं नाव घेतल्याशिवाय मावसभाऊ मला सोडणार नाही. या माणसाची गोष्ट कुणी रचून सांगितली असती तर खोटी वाटली असती. 13 मार्च 2021, फातोर्डा, आयएसएल फायनल, टिरी तेव्हा एटीके मोहन बागानचा. ते 1-0 पुढे, आणि टिरीच्या डोक्याला लागून बॉल त्याच्याच गोलात, ओन गोल, 1-1, शेवटी बिपिनने नव्वदाव्या मिनिटाला मारून कप आपल्याला दिला. (त्याच मॅचमध्ये आपल्या अमेय रानवडेला डोक्याला मार लागून अँब्युलन्समधून न्यावं लागलं होतं, तेव्हा खरंच पोटात गोळा आला होता.) नंतर टिरीच्या गुडघ्याची मोठी दुखापत, लोक म्हणाले संपला. 2023 ला आपल्याकडे आला, मीपण कपाळावर हात मारला. आणि 4 मे 2024 ला कोलकात्यात सॉल्ट लेकवर फायनलमध्ये तोच टिरी आपल्या जर्सीत, समोर तेच मोहन बागान, ज्यांनी जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी त्याच मैदानात 2-1 हरवून आपली शील्ड नेली होती. त्यांच्या कमिंग्सने हाफटाइमच्या तोंडावर मारला, पण नंतर आपले दियाझ, बिपिन, व्होय्टुस, 3-1. टिरी शांत डोक्याचा, पळायची वेळच येऊ देत नाही, आधीच जागेवर. मान्य, सगळं मान्य. पण त्याच्या बाजूला कोण होता? परत मेहताबच. फॉलबरोबर शील्ड, टिरीबरोबर कप, दोन कोच, खेळायच्या दोन पद्धती, आणि शेजारी माणूस तोच. परदेशी पार्टनर बदलत राहिले, हा तिथेच. माझा मुद्दा एवढाच आहे.

राहुल भेकेला विसरलो नाही. मुंबईचाच पोरगा, एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्या हेडरवर आपण 2-1 जिंकलो, आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय, आणि 2024 चा कप कॅप्टन म्हणून त्यानेच उचलला. पण त्याला कोच कधी मधे कधी उजवीकडे फिरवायचे, म्हणून निव्वळ सेंटर बॅक म्हणून त्याची तुलना करणं मला त्याच्यावरच अन्याय वाटतो. 2019 ची फायनल इथे अंधेरीतच झाली होती आणि गोव्याविरुद्ध बंगळुरूकडून विनिंग हेडर यानेच मारला होता, ते जुनं दुखणं असलेले गोवेकर याला अजून शिव्या घालतात तो भाग वेगळा.

2025 ला लीगच लटकली, सीझन कधी सुरू होणार पत्ता नव्हता, त्यात मेहताब मोहन बागानला गेला. तुमच्याकडे त्याची साधी चौकटसुद्धा दिसली नाही. मी सकाळी लोकलमध्ये पान उलटंपालटं करून बघितलं, एका कोपऱ्यात इंग्लंडमधल्या कुठल्यातरी स्ट्रायकरच्या पोटरीची बातमी होती. म्हणून विनंती, मॅच रिपोर्टच्या खाली दोन्ही टीमचे अकरा-अकरा जण छापत चला, कोण कुठे खेळला त्यासकट. जागा फार लागत नाही, चार ओळी. म्हणजे पुढच्या वेळी कुणी गोल मोजून डिफेन्डर ठरवायला निघाला तर निदान त्याच्या शेजारी कोण होता एवढं तरी त्याला वाचता येईल. आणि त्या पत्रलेखकाला माझा निरोप द्या, बंगळुरूची ती सेमीफायनल पूर्ण बघा, हायलाइट्स नको, पूर्ण एकशेवीस मिनिटं बघा आणि मग उत्तर लिहा, मी वाट बघतोय.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)