थीम फाइलींची मालकी दुरुस्त न करता ७७७ (सर्वांना खुली) परवानगी देऊन तिकीट बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
वेब होस्टिंग विभाग

विषय: सर्व्हर बदलल्यानंतर थीम फोल्डरची चुकलेली मालकी आणि त्यावर केलेला धोकादायक उपाय

महोदय / महोदया,

माझे वर्डप्रेसवरचे संकेतस्थळ आपल्या शेअर्ड, म्हणजे अनेक ग्राहकांच्या सामाईक, सर्व्हरवर आहे. आपण खाती नव्या सर्व्हरवर हलवलीत तेव्हापासून मला माझ्याच थीमची, म्हणजे संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या संचाची, एकही फाइल बदलता येत नव्हती. आपल्या सपोर्ट विभागाच्या उपायानंतर बदल जतन होऊ लागले, पण संकेतस्थळ आधीपेक्षा जास्त असुरक्षित झाले आणि ‘समस्या सुटली’ असा शेरा मारून माझ्या तक्रारीचे तिकीट बंद करण्यात आले. ते पुन्हा उघडावे आणि काम नीट पूर्ण करावे, ही माझी मागणी आहे.

मला करायचा होता तो बदल अगदी किरकोळ. मोबाइलवर माझ्या पानांवरचा मजकूर फिका दिसतो आणि अक्षरे बारीक पडतात. नजर कमी असलेल्या वाचकांनी तसे कळवले होते. चाइल्ड थीमच्या (मूळ थीमवर बेतलेल्या माझ्या थीमच्या) स्टाइल.सीएसएसमध्ये रंग आणि अक्षरांचा आकार बदलला की काम झाले असते. पण डॅशबोर्डमधल्या थीम फाइल एडिटरमध्ये ती फाइल उघडली, तर जतन करण्याचे बटणच नव्हते. त्याच्या जागी, ही फाइल आधी लिहिण्यायोग्य करा, अशी सूचना होती. मीडिया विभागात मात्र नवी चित्रे विनातक्रार चढत होती.

या फरकामुळेच मला शंका आली. एसएसएचने (सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवण्याच्या सोयीने) खात्यात जाऊन फाइलींची यादी पाहिली, तेव्हा कारण समोरच होते. अपलोड्स फोल्डरचा मालक माझे खाते होते, तर थीम्स फोल्डर आणि त्यातली प्रत्येक फाइल रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, नावावर होती. स्थलांतराच्या वेळी ते फोल्डर रूटच्या अधिकाराने बॅकअपमधून उतरवले गेले आणि मालकी माझ्या खात्याकडे द्यायची राहून गेली, एवढाच अर्थ त्यातून निघतो. ती यादी मी तिकिटाला जोडली आणि मालकी बदलून द्या, असे स्पष्ट लिहिले.

उत्तर आले, ‘परवानग्या तुमच्या बाजूने बदलून घ्या.’ हे उत्तर देणाऱ्याने यादी वाचली नव्हती. लिनक्समध्ये फाइलीची परवानगी एक तर तिचा मालक बदलू शकतो, नाही तर रूट. मालकी बदलणे तर सामान्य खात्याच्या हातात मुळीच नसते. फाइली रूटच्या असताना मी सीएचमोड (परवानगी बदलण्याची आज्ञा) चालवले तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ याशिवाय काहीही हाती येणार नाही, आणि तसेच झाले. जे काम फक्त आपले कर्मचारी करू शकतात, ते ग्राहकावर ढकलले गेले, ही माझी पहिली तक्रार.

पुढचे जास्त गंभीर आहे. तो संदेश मी परत पाठवल्यावर आपल्या एका कर्मचाऱ्याने स्वतः हात घातला आणि संपूर्ण थीम फोल्डरवर, आतल्या सगळ्या उपफोल्डरांसह, सरसकट ६४४ लावले. संकेतस्थळ त्या क्षणी कोरे झाले. या आकड्यांत वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असतो. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सर्वांचा. फाइलीला चालवण्याच्या परवानगीची गरज नसली तरी फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे आत शिरण्याची परवानगी. ती काढली की आतल्या फाइली जागच्या जागी असूनही पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्यावर चालते त्या प्रणालीला, सापडत नाहीत. म्हणून फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ असे वेगवेगळे द्यायचे असते. होस्टिंग हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना हे ग्राहकाने सांगावे लागू नये.

कोरे पान पाहून घाई झाली असावी. नेमके काय चुकले हे न शोधता त्याच फोल्डरवर, पुन्हा सरसकट, ७७७ लावले गेले. पाने दिसू लागली, एडिटरमध्ये बटण आले आणि तिकीट बंद झाले. मालक मात्र आजही रूटच आहे.

७७७ म्हणजे त्या सर्व्हरवरच्या कोणत्याही खात्याला, कोणत्याही प्रक्रियेला त्या फाइलींत लिहिण्याची मुभा. थीममध्ये केवळ रंग आणि अक्षरे नसतात. फंक्शन्स.पीएचपी ही फाइल प्रत्येक पान उघडताना चालते. तिच्यात कोणी एक ओळ घुसवली, तर ती माझ्या संकेतस्थळाच्या अधिकाराने चालेल, डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपीमधला डेटाबेसचा पासवर्ड वाचू शकेल आणि माझ्या वाचकांना भलतीकडे वळवू शकेल. शेअर्ड सर्व्हरवर शेजारच्या एखाद्या खात्यात कोणी शिरले तर त्याची झळ मला बसू नये, याचीच जबाबदारी मी आपल्यावर सोपवली आहे. वर्डप्रेसचे अधिकृत मार्गदर्शनही कोणत्याच फोल्डरला, अगदी अपलोड्सलाही, ७७७ देऊ नका असे बजावते. आणि त्या फाइली माझ्या मालकीच्या नसल्यामुळे ही परवानगी मला स्वतःला मागेही घेता येत नाही!

खरे तर ७७७ ची मुळीच गरज नव्हती. आपल्या सर्व्हरवर पीएचपी प्रत्येक ग्राहकाच्या स्वतःच्या खात्याने चालते. अपलोड्समध्ये नव्याने तयार होणाऱ्या फाइली माझ्या नावावर पडतात, त्यावरून ते दिसतेच. तेव्हा मालकी माझ्या खात्याकडे आली की ६४४ मधला मालकाचा ६ एडिटरला पुरेसा आहे. एक सीएचओन (मालकी बदलण्याची आज्ञा) आणि त्यानंतर फोल्डर व फाइली वेगळ्या काढून दोन सीएचमोड, इतकेच हे काम.

माझी मागणी अशी. हे पत्र मिळताच ७७७ काढून टाकावे. बाकीच्या कामासाठी ते अडवून ठेवू नये. त्यानंतर थीम्स फोल्डरची मालकी आणि गट माझ्या खात्याचा करावा, फोल्डरांना ७५५ व फाइलींना ६४४ द्यावे. हे करताना सीएचमोडमधला मोठा एक्स (फक्त फोल्डरांना, आणि आधीच ती असलेल्या फाइलींना, चालवण्याची परवानगी देणारा पर्याय) वापरून एकाच आज्ञेत उरकू नये. ७७७ मुळे आता प्रत्येक फाइलीला चालवण्याची परवानगी लागलेली आहे, आणि मोठा एक्स ती तशीच ठेवतो. प्लगइन्सचे फोल्डर आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग.पीएचपीही त्याच वेळी तपासावी.

ज्या काळात फोल्डर सर्वांना खुले होते, त्या काळातल्या माझ्या खात्याच्या नोंदी मला द्याव्यात. माझ्याकडच्या मूळ प्रतीशी मी थीमच्या फाइली चेकसमने (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेल्या खूण-आकड्याने) ताडून पाहिल्या आहेत आणि त्या जुळल्या. फाइलीवरची वेळ मागे-पुढे करता येते, म्हणून मी तिच्यावर विसंबले नाही. पण आपल्या सर्व्हरच्या नोंदी मला दिसत नाहीत. त्या पाहून लेखी उत्तर देणे आपले काम आहे.

डॅशबोर्डमधून थीम बदलू द्यायची नाही असे आपले धोरण असेल, तर तेही मला मान्य आहे. त्यासाठी वर्डप्रेसमध्ये ‘डिसअलाउ फाइल एडिट’ ही सोय आहे, तिने एडिटरचा पर्यायच दिसेनासा होतो. मी एसएसएचने फाइली बदलेन. त्यासाठीसुद्धा फाइली माझ्या नावावर हव्यातच.

ज्या स्थलांतरात माझे थीम्स फोल्डर रूटच्या नावावर राहिले, त्यात इतर ग्राहकांचीही खाती होती. त्यांपैकी अनेकांना एसएसएच वापरता येत नसेल आणि बटण का नाहीसे झाले हे कळतही नसेल. त्यांनी तक्रार करण्याची वाट न पाहता त्या सर्व खात्यांची मालकी तपासावी आणि सपोर्टच्या उत्तरांतून ७७७ हा सल्ला कायमचा काढावा.

७७७ काढल्याचे आजच कळवावे आणि बाकीच्या मुद्द्यांचे लेखी उत्तर सात दिवसांत, सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागाकडून द्यावे. तिकिटातला सर्व पत्रव्यवहार आणि फाइलींच्या याद्या सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपली ग्राहक