कृषिमंत्र्यांना खुलं पत्र: केळीवर रोग यायची वाट बघू नका

माननीय कृषिमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपण खातो त्या केळ्यांत बिया नसतात, मुनव्यातनं किंवा टिश्यू कल्चरच्या रोपातनंच लागवड होते, म्हणजे अख्ख्या बागेत खरं तर एकच झाड हजारो वेळा उभं असतं आणि जो रोग एकाला मारतो तो सगळ्यांनाच मारतो.

झँथोमोनास विल्ट हा तसलाच बॅक्टेरियाचा रोग. 1968 साली तो इथिओपियात एनसेट या केळीच्याच भावकीतल्या पिकावर नोंदवला गेला, 2001 मध्ये युगांडातल्या केळीवर दिसला आणि मग शेजारच्या देशांत पसरला. केळफुलावर येणारे किडे आणि आपलाच कोयता, दोघंही तो झाडाझाडाला लावत जातात. पानं लोंबतात, घड अवेळी पिकतो, आत गर सडलेला, बुंधा कापला की पिवळट चिकट द्रव येतो. फवारून बरा होईल असं औषध नाहीये साहेब! केळफूल कोयत्याऐवजी दुबेळक्याच्या काठीने मोडायचं, हत्यार दरवेळी निर्जंतुक करायचं, रोगट झाड लगेच काढायचं, हे उपाय चालतात पण एक जण चुकला की शेजाऱ्याची बाग पण जाते. म्हणून प्रतिकार झाडातच हवा.

आणि तो मिळू शकतो. बाल्बिसियाना ही बियांनी गच्च भरलेली रानकेळ या रोगाला दाद देत नाही, पण तिचा गुण खायच्या केळीत संकराने आणणं फार अवघड, कारण ही केळी जवळपास वांझच. म्हणून शास्त्रज्ञांनी ढोबळी मिरचीतले दोन जीन, म्हणजे जनुकं, केळीत घातले. त्यांच्यामुळे बॅक्टेरिया शिरला की तिथल्या पेशी पटकन स्वतःच मरतात आणि त्याची वाट तिथेच अडते. 2010 पासून युगांडात कवांडाला शेतात चाचण्या झाल्या, काही झाडांना रोग लागलाच नाही. पुढे 2021 मध्ये शास्त्रज्ञ लीना त्रिपाठी आणि सहकाऱ्यांनी दुसरा रस्ता दाखवला, दुसऱ्या पिकाचा प्रतिकाराचा जीन न घालता केळीतलाच डीएमआर6 हा जीन क्रिस्पर या जीन-संपादनाच्या तंत्राने बंद केला. हा जीन झाडाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो, तो गेला की झाड सावध राहतं. मला हा रस्ता जास्त आवडतो.

पण युगांडात संसदेने 2017 ला अशा जीन बदललेल्या पिकांचे नियम ठरवणारं जैवसुरक्षा विधेयक मंजूर केलं, राष्ट्राध्यक्षांनी सही न करता परत पाठवलं, आणि रोपं चाचणीच्या प्लॉटमध्येच अडकली. विरोध करणाऱ्यांच्या शंका खऱ्या आहेत, बियाण्यावर मालकी कुणाची आणि एकाच जीनवर विसंबलं तर बॅक्टेरिया त्याला कधी चकवेल, हे विचारायलाच हवं. पण उत्तरं शेतात चाचण्या घेऊनच मिळणार ना?

तर साहेब, मागणं तीन. रानकेळी आणि जुन्या जाती जपणाऱ्या जीनबँकेला दरवर्षी न चुकता पैसे द्या, बेल्जियमच्या ल्युवेनमध्ये दीड हजारावर प्रकारची केळी सांभाळतात तसं काम आपल्याकडेही नेटाने व्हावं. परकीय जीन घातलेली केळी आणि स्वतःचाच जीन बंद केलेली केळी यांची तपासणी वेगवेगळ्या नियमांनी करा, आणि चाचणीचे निकाल, चांगले वाईट सगळे, शेतकऱ्याला वाचता येतील अशा भाषेत जाहीर करा. आणि जी जात शेवटी पास होईल तिचे मुनवे शेतकऱ्याने शेजाऱ्याला दिले तर त्याला कुणी कोर्टात खेचणार नाही, हे आत्ताच लेखी द्या.

आपल्या उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एक नागरिक