आधी खुर्ची, मग आठवण

महोदय,

लहानपणी वर्षानुवर्षे छळ सोसलेली माणसे बोलता बोलता मध्येच ‘निघून’ जातात. डोळे उघडे, पण नजर भिंतीपलीकडे. अशा वेळी मी प्रश्न विचारत नसे. पाय जमिनीला टेकवा, खुर्चीचा हात घट्ट धरा, एवढेच सांगे. आठवणी उकरायच्या त्या नंतर, तेही बेताबेताने. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये अशा दीर्घ आघातासाठी वेगळे निदान सुचवले; जागतिक आरोग्य संघटनेची ते मानणारी आजारांची यादी, आयसीडी-११, लागू झाली २०२२ मध्ये. तीस वर्षे! तोवर माझ्याकडे आलेल्या कित्येकांवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसलेला. आणि चित्रपटवाल्यांना दुभंगलेले मन म्हटले की अजूनही खुनीच दिसतो.

– एक निवृत्त मानसशास्त्रज्ञ